झाडलोटीची पाटी

जर्मनीत, श्टुटगार्टमधल्या त्या इमारतीत जिना झाडायची पाळी दर आठवड्याला एका बिऱ्हाडाची. ज्याची पाळी, त्याच्या दाराला लाकडी पाटी टांगायची, हे काम तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या हेबर्लेबाईंचं. त्यांच्या जिभेच्या तडाख्यातून एकही बिऱ्हाड सुटलं नव्हतं. सीरियातून आलेल्या सौसनशी मात्र त्या गोडच बोलायच्या आणि पाटी तिचं दार सोडून पुढे न्यायच्या. वर्ष होत आलं तसं सौसनला राहवेना. तिने बाईंना जिन्यातच गाठलं.

"बाई, आमच्यावर काही राग आहे का?"

"छे हो! लढाईतून जीव वाचवून आलात तुम्ही. तुम्हाला कसलं कामाला लावायचं?"

"आम्ही इथेच राहतो ना? मग द्या ती पाटी इकडे."

बाईंनी पाटी तिच्या हातात दिली.

सौसनने वरच्या मजल्यापासून तळघरापर्यंत जिना झाडूनपुसून लख्ख केला. संध्याकाळी बाई आल्या, कठड्यावरून बोट फिरवलं, पायपुसणं उचलून खाली पाहिलं आणि कडाडल्या, "अगं, याला झाडणं म्हणतात? आणि हा कोपरा कुणी पुसायचा, मी?"

आवाज पार वरपर्यंत गेला. सौसनचा नवरा धावत खाली आला. बायकोच्या डोळ्यांत पाणी बघून तो चरकला. "काय गं, काय म्हणाल्या?"

"बोलल्या रे मला," सौसन डोळे पुसत हसली. "सगळ्यांना बोलतात ना, अगदी तशाच."