दुसरी जीप

हेमलताला खोकला आला आणि झाडावरचा बिबट्या उडी मारून झुडपात गेला.

"अक्कल आहे का तुला?" तिचा नवरा दिगंबर जीपमधल्या सगळ्यांसमोर ओरडला. "श्रीलंकेला काय तुझा खोकला ऐकायला आलो?"

बालीत त्याला तिचं हसणं खटकलं होतं, व्हिएतनाममध्ये तिचं खाणं. दोन्ही वेळा ती गप्प बसली होती. आज दुपारी मात्र ती त्याला न विचारता दुसऱ्या जीपमध्ये जाऊन बसली.

त्या जीपसमोर एक अस्वलीण आली. तिच्या पाठीवर दोन पिल्लं केसांना धरून डुलत होती. हेमलता श्वास रोखून बघत राहिली.

जेवताना दिगंबर गुरकावला, "आम्हाला साधा ससाही दिसला नाही. तुला दिसलं काही?"

"दिसलं," माशाचं कालवण भातावर ओतत ती म्हणाली. "पण तुम्हाला नाही सांगणार."