राबेनलायची माती

"माती माझीच आहे," सेवेरिन म्हणाला आणि ढिगातला आणखी एक निळा दगड त्याने एवाल्ड मास्तरांच्या हातात ठेवला. मास्तरांच्या ओंजळीत आता जागा उरली नव्हती.

राबेनलायच्या उभ्या चढावर तिघे जीव मुठीत धरून उभे होते. खाली मोझेल नदी. द्राक्षमळ्याचा वरचा टप्पा सेवेरिनचा, खालचा हेडविगचा. जानेवारीच्या पावसात मधला दगडी बांध फुटला, वरची माती खाली आली आणि हेडविगच्या सासऱ्यांच्या हातच्या चाळीस द्राक्षवेली तिच्याखाली गडप झाल्या.

तेव्हापासून सेवेरिनला झोप नव्हती. वेलींसाठी नव्हे. ती माती त्याच्या आजोबांनी पाठीवरच्या टोपल्यांतून वर नेलेली. तिच्या जोरावर त्याची वाइन गावात मिरवायची. आता तिच्याच जोरावर हेडविगची मिरवणार, या विचाराने त्याचा जीव जळत होता.

दोन महिने खानावळीत बसून त्याने तिला मातीचोर ठरवलं. हेडविग भांडली नाही. "सिद्ध कर," एवढंच म्हणायची. शेवटी त्यानेच गावच्या पंचांना, म्हणजे एवाल्ड मास्तरांना, वर चढवून आणलं. चोरीचा माल चोराने मालकाच्या दारात आणून टाकायचा असतो. हेडविगचे दोन्ही मुलगे टोपल्या वाहताना त्याला आत्ताच दिसत होते.

पुरावा चोख होता. खालच्या टप्प्यातले दगड करडे, वरचे निळे. शिवाय आजोबांनी मातीत कालवलेले कौलांचे तांबडे तुकडे. मास्तरांनी मूठभर माती चाळली. तुकडे निघाले.

"हेडविग, तुला काही म्हणायचंय?"

"नाही मास्तर. माती त्याचीच. लिहून घ्या."

मास्तरांनी लिहिलं. सेवेरिनने ऐटीत सही ठोकली, कागद फाटता फाटता राहिला. हेडविगनेही सही केली आणि पेन पुसून परत दिलं.

"मग उचल आता," ती म्हणाली.

"कोण, मी?"

"माल तुझा, पडलाय माझ्या वेलींच्या उरावर. डोंगराची माती असती तर माझं मी निस्तरलं असतं, कुणाला बोल लावणार? एप्रिलात कोंब फुटायच्या आत वेली मोकळ्या कर. आणि फावडं लावायचं नाही हं, हातानं काढायची. एखादी मेली तर भरून द्यायची. बांधही तुझाच."

सेवेरिनने मास्तरांकडे पाहिलं.

"नियम तसाच आहे रे," मास्तर म्हणाले. "मालकानंच उचलायची." आणि कागदाची घडी घालून त्यांनी ती खिशात टाकली.

त्याने वर पाहिलं. या चढावर यंत्र चढत नाही, हे पाहुण्यांना छाती फुगवून सांगणारा तोच. पाठीला टोपली, माथ्यापर्यंत साठ पायऱ्या, आणि अडुसष्टाव्या वर्षी उजवा गुडघा आधीच कुरकुरत होता.

तो ढिगाशेजारी बसला. मग त्याने घसा खाकरला.

"हेडविग," तो हळूच म्हणाला, "थोडी ठेवून घेतेस का?"