आचाऱ्याचा डबा

दिवसभर हॉटेलच्या कढईपुढे उभं राहून आचाऱ्याच्या पायांचे तुकडे पडले होते, तरी घरी येताच त्याने पुन्हा गॅस पेटवला. बायकोच्या पित्ताशयात खडे निघाले होते. ऑपरेशनपर्यंत तळलेलं बंद, तेल चमचाभर, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. उभा जन्म तपेल्याने तेल ओतलेल्या त्या हातांनी भोपळा वाफवला, आलं किसलं, लिंबू पिळलं. ओट्यावरचा रिकामा डबा मात्र त्याला बघवेना. वीस वर्षं हॉटेलात उरलेलं तळण त्याच डब्यातून रोज तिच्यासाठी यायचं. “माझ्याच डब्याने तुझा घात केला गं,” ताट पुढे ठेवत तो म्हणाला. तिने सगळं ताट चाटूनपुसून साफ केलं. मग म्हणाली, “अहो, उरलंसुरलं नव्हे, तुमच्या हातचं खास माझ्यासाठी म्हणून केलेलं आज पहिल्यांदाच जेवले. ऑपरेशन जरा लांबलं तरी मला चालेल.”