शिवलेला फुगा

एकोणीसशे अडुसष्ट साल. हिवाळ्यातली सकाळ, नुकतंच उजाडलं होतं. शिवणकाम करणारी एक बाई आणि तिची दहा वर्षांची मुलगी गच्चीवर माणसाएवढा कागदी फुगा धरून उभ्या होत्या. खाली स्टोव्ह, त्यावर पत्र्याचं नळकांडं, त्यावर फुग्याचं तोंड. गच्चीपलीकडे धुकं इतकं दाट, की समोरची घरं कुणी पुसून टाकल्यासारखी.

बाईची शाळा चौथीत सुटलेली. मुलगी पाचवीत गेली आणि तिचे प्रश्न कमी होत गेले. अर्धवट विचारायची, मग म्हणायची, जाऊ दे, तुला नाही कळायचं. रागाने म्हणत नसे, म्हणूनच ते बाईच्या जिव्हारी लागे. घरात एक दार हळूहळू लागत चाललंय, असं तिला वाटे. त्यामुळे मुलीने वाचनालयातून गरम हवेच्या फुग्याचं पुस्तक आणलं, तेव्हा कोटाचं अस्तर तसंच टाकून बाई तिच्या शेजारी बसली आणि ओळींवर बोट फिरवत वाचू लागली.

पातळ कागदाच्या आठ पाकळ्या कापायच्या आणि खळीने चिकटवायच्या, असं पुस्तकात होतं. कापणं झकास जमलं. खळीपाशी मात्र बाई अडली. चिकटवलेलं काय टिकतंय, म्हणत तिने आठही पाकळ्या मशीनवर घातल्या. बारीक टाका, दुहेरी शिवण. मुलीचे वडील घड्याळं दुरुस्त करत. डोळ्याला लावलेलं भिंग न काढताच त्यांनी चौकशी केली, की फुग्याला खिसे किती ठेवणार.

गच्चीवर फुगा फुगला, डुलला आणि दमलेल्या माणसासारखा खाली बसला. तीनदा तेच.

चौथ्यांदा मुलीने शिवणीजवळ तळहात नेला. "आई, इथून ऊन हवा येतेय. सुईच्या भोकांतून."

बाईने गाल जवळ नेला. टाक्याटाक्यातून कुणी हलकेच श्वास सोडत होतं. वीस वर्षं ती शिवत आली होती. शिवण म्हणजे भोकांची रांग, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. कागद दमट आहे म्हणून सांगता आलं असतं. मुलीने मानही डोलावली असती.

"माझंच चुकलं गं," ती म्हणाली. "मला हे ठाऊकच नव्हतं."

मुलगी तिच्याकडे बघतच राहिली. "मलाही नव्हतं." मग शिवणीवरून बोट फिरवत, "आई, कोटाच्या शिवणीतूनही वारा आत येत असेल?"

"असेल. बघू या की."

दिवसभर दोघींनी शिवणींवर खळीने कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. दुसऱ्या सकाळी फुगा हातातून सुटला आणि आवाज न करता धुक्यात शिरला. तो दिसेनासा झाल्यावरही दोघी कितीतरी वेळ माना वर करून उभ्या होत्या.

फुगा कुणाला सापडला नाही. वडील ही गोष्ट प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आणि दर वेळी फुगा हातभर वाढे; ते गेले तेव्हा तो दुमजली घराएवढा झाला होता. मुलगी दूरच्या शहरात पदार्थविज्ञानाची प्राध्यापक झाली. बाई मोतीबिंदू होईपर्यंत शिवत राहिली. ऐंशीव्या वर्षीही दर रविवारी सकाळी तिचा फोन वाजे.

"आई, एक विचारू?"

"विचार. मला येणार नाहीच, पण तू विचार."