झाकणाआतलं कुंकू

दिगंबररावांच्या रेकॉर्ड प्लेअरवर बसायची धुळीची छाती नव्हती. वर पारदर्शक झाकण, त्यावर मलमलीचा कपडा, शिवाय दर रविवारी मऊ ब्रशने साफसफाई. घरात दुसरं कुणी त्याला बोटसुद्धा लावत नसे.

खंडेनवमीला ते अंघोळ करून आले आणि दारातच थबकले. झाकण उघडं होतं. तबकडीच्या जागी झेंडूचं फूल, भोवती अक्षता, कडेला हळदकुंकवाची बोटं. शेजारी नवी सून निरांजन घेऊन उभी.

बायकोने डोळेच मिटून घेतले.

"अगं, निदान झाकणावर तरी वाहायचंस," दिगंबरराव कसंबसं म्हणाले.

"देव्हाऱ्याचं दार लावून कुणी पूजा करतं का, बाबा?" सून म्हणाली. "आज हत्यारं पुजायची ना? घरात सगळ्यात जपलेलं मला हेच दिसलं."

दिगंबररावांनी हात जोडले.

दसऱ्यानंतरच्या रविवारी ब्रश निघाला. अक्षता गेल्या, पाकळ्या गेल्या, हळदही गेली. कुंकवापाशी मात्र ब्रश वळसा घालून पुढे सरकला.

"ते राहिलं की," बायको म्हणाली.

"ती धूळ नाही," ते म्हणाले, आणि रेकॉर्ड निवडायला त्यांनी सुनेला हाक मारली.