जबाबदार संपादक

हवालदार सुंडमन छापखान्यात शिरला तेव्हा ईसाक्की कार्नानं कोट घालूनच ठेवला होता. बाकावर त्याच्या शेजारी बोचकं होतं. आत लोकरीचे मोजे, काळा पाव आणि तंबाखू.

"चला, संपादकमहाशय," सुंडमन म्हणाला. "बर्फ पडायच्या आत पोचू."

"आधी कॉफी घे. तुरुंगात काय देतात ते मला माहीत आहे, तुला नाही."

सुंडमन बसला. साखरेचा खडा दातांत धरून बशीतून कॉफी ओढू लागला. याआधीही तो असाच येऊन, असाच बसून ईसाक्कीला घेऊन गेला होता.

ईसाक्कीनं आयुष्यात एक ओळ लिहिली नव्हती. लाकडाच्या गिरणीत भुशानं त्याची छाती गेली, तेव्हा कामगारांच्या पक्षानं त्याला आपल्या वर्तमानपत्रात ही नोकरी दिली. सरकारला प्रत्येक वर्तमानपत्रासाठी एक जबाबदार संपादक लागे. मजकूर कोणाचाही असो, खटला त्याच्यावर. लिहिणारे बाहेर राहून लिहीत राहत, ईसाक्की आत बसून येई. मागच्या खेपेला सुटून आला तेव्हा छापखान्याच्या पायऱ्या चढताना मध्येच खाली बसला. आणखी एक हिवाळा कोठडीत निघायचा नाही, असं डॉक्टरांनी त्याच्या मुलीला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

मुलगी साइमी. ती इथंच छपाईचे खिळे जुळवायची, अक्षर अक्षर लावून. आजचा लेख तिचा होता. परवा गिरणीच्या फाटकावर जमलेल्या संपकरी बायकांच्या अंगावर घोडे घातले गेले. साइमी त्या बायकांत होती. परत आली ती तशीच खिळ्यांच्या पेटीपाशी उभी राहिली आणि कागदावर काही न लिहिता सगळा लेख थेट शिशात जुळवला. खरे संपादक हुर्मे. त्यांनी तो कच्च्या छापाच्या ओल्या कागदावर वाचला आणि एक शब्द बदलला नाही.

"हे छापलं तर वर्षभराची शिक्षा," ते म्हणाले. मग जरा हलक्या आवाजात, "ईसाक्की आहेच."

आता हुर्मे खिडकीपाशी पाठ करून उभे होते. यंत्र बंद होतं. ईसाक्कीला खोकल्याची उबळ आली.

सुंडमननं बशी खाली ठेवली आणि खिशातून वॉरंट काढलं. नाव आधीच भरलेलं होतं.

"घरूनच लिहून आणलं," तो म्हणाला. "बायको म्हणते, हे नाव तुम्हाला झोपेतसुद्धा लिहिता येईल."

ईसाक्की उठला.

"हवालदारसाहेब," साइमी म्हणाली, "अंक पाहिलात?"

"पाहिला की. गव्हर्नरसाहेबांनी तांबड्या रेघा मारून पाठवलाय."

"शेवटचं पान?"

"तिथं जाहिराती असतात."

"त्यांच्या खाली बघा."

सुंडमननं अंक उलटा केला. खाली बारीक अक्षरात एक ओळ होती. त्यानं ती वाचली, वॉरंट वाचलं, पुन्हा ती ओळ वाचली.

"जबाबदार संपादक साइमी कार्ना. म्हणजे तू?"

"मी."

"बाईमाणूस?"

"यंदा आम्हा बायकांना मताचा हक्क मिळाला. निवडून जाता येतं. मग तुरुंगात जायला काय हरकत आहे?"

"नुसतं छापून भागत नाही, पोरी. कचेरीत नोंद लागते."

"काल झाली. शिक्का आहे. हुर्मेंची सही आहे."

हुर्मे वळले. काल सह्यांच्या गठ्ठ्यात तिनं काय सरकवलं होतं ते त्यांना आत्ता कळत होतं. सुंडमन त्यांच्याकडेच बघत होता. नजरचुकीनं झालं, एवढं हुर्मे म्हणाले असते तर हातातलं वॉरंट चाललं असतं. पक्षाला ही पोरगी छापखान्यात हवी होती. म्हातारा आत जाण्याची सगळ्यांना सवय होती. हुर्मेंनी ईसाक्कीच्या बोचक्याकडे पाहिलं आणि मग साइमीकडे.

"सही माझीच आहे," ते म्हणाले.

सुंडमननं वॉरंटाची घडी घातली. ते आता पुन्हा लिहावं लागणार होतं.

"चल, पोरी," तो म्हणाला. मग टोपी घालता घालता, "चला, संपादकबाई."

सुटून आल्यावर साइमी खरोखरच संपादक झाली. पुढे सोशल डेमोक्रॅट पक्षाकडून संसदेत गेली. प्रत्येक निवडणुकीत कोणीतरी उठून ही गोष्ट सांगे. बापाच्या जागी लेक गेली, म्हणत. टाळ्या पडत. गोष्ट नेहमी 'चला, संपादकबाई' या शब्दांपाशीच संपे. साइमी स्वतः ती कधीच सांगत नसे. बाप तिच्या तुरुंगवासातच गेला होता, घरी, स्वतःच्या अंथरुणात. आणि गोष्ट तिथं संपली नव्हती.

त्या दिवशी टोपी घालून सुंडमन दारापाशी गेला तेव्हा साइमी बापाचं बोचकं घ्यायला वाकली. मोजे तरी उपयोगी पडले असते. ईसाक्कीनं बोचकं सोडलं नाही. दुसऱ्या हातानं त्यानं टेबलावरचा अंक ओढला आणि जाहिरातींखाली बोट ठेवलं. बंदरावरच्या मासळीवाल्या त्याला संपादक म्हणत, पोरं म्हणत, हवालदारही म्हणत असे. थट्टेनं का होईना, म्हणत. त्याचं बोट त्या ओळीवरून एकदा गेलं, परत आलं.

"पोरी," तो म्हणाला, "माझं काय चुकलं म्हणून मला काढलंस?"