फक्त दर्शक

वळणापलीकडे घाटाचा रस्ता दरीत कोसळला होता, पण नकाशात तो अजून शाबूत होता. बिनचालकाच्या बसगाड्या त्या नकाशावरच चालत आणि पुढची बस अकरा मिनिटांत येणार होती.

रस्ते तपासणाऱ्या हेमलता धुमाळ यांनी कार्यालयात फोन लावला. "खासनीस, नकाशात घाट बंद करा, लवकर!"

"बाई, बदल करायचा परवाना एकट्या साहेबांकडे आहे आणि ते विमानात आहेत. तुम्ही आणि मी फक्त दर्शक."

"मग मला परवाना द्या!"

"तोही त्यांनीच द्यायचा."

हेमलताबाईंनी फोन ठेवला. दर्शकाला नकाशा नुसता बघता येई, त्यात साधी रेघ ओढता येत नव्हती. पण वाटेत माणूस दिसला की बस थांबते, एवढं त्यांना ठाऊक होतं. वळणाच्या अलीकडे त्या रस्त्याच्या मधोमध जाऊन बसल्या.

बस करकचून थांबली, त्यांच्यापासून हातभर अंतरावर. खिडक्यांतून लोक ओरडू लागले, "ओ बाई, उठा की!"

"मी उठले की बस निघेल. पुढे रस्ता नाही."

"नकाशात तर आहे!"

"तो बदलणारे आमचे साहेब विमानात आहेत."

बांगड्यांची पेटी घेतलेली एक कासारीण खाली उतरली आणि वळणापर्यंत चालत गेली. परतली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने हाका मारून सगळ्यांना बसमधून उतरवलं, मग हेमलताबाईंच्या शेजारी फतकल मारली.

"पाणी प्या ताई, पाय मोकळे करा. मागनं गाड्या येतच राहणार. तुमच्या साहेबाचं विमान उतरेपर्यंत आळीपाळीनं बसू."